सणाचे ताट आणि रोजचे ताट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, जयपूर येथे केलेल्या भाषणाची लेखी प्रत)



या व्याख्यानमालेसाठी आम्हांस विषय विचारण्यात आला, तेव्हा ‘रोजच्या जेवणातील तेल-तूप आणि साखर’ हा विषय आम्ही कळविला. संतवाङ्मय, मराठ्यांचा इतिहास, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय मालेत अगोदरच ठरलेले होते. त्यांच्या पंक्तीत फोडणीच्या तेलाला पाट मांडावा, हे काहींना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. शिवाय आम्ही वैद्य नाही, आहारशास्त्राचे अभ्यासकही नाही. कलाशाखेची पदवी घेऊन सरकारी फायलींत आयुष्य घालविलेले आम्ही एक गृहस्थ आहोत. परंतु फायलींत आयुष्य गेले की एक सवय जडते, ती हिशेब मागण्याची. आज जे मांडावयाचे आहे तो हिशेबच आहे, आणि तो तपासण्यासाठी लागणारा दस्तऐवज, म्हणजे महिन्याच्या किराण्याची यादी, आपणा सर्वांच्या घरी आहे.

बदलीच्या नोकरीमुळे बडोदे, इंदूर, कोलकाता आणि आता जयपूर अशा ठिकाणी मराठी मंडळींत वावरण्याचा योग आम्हांस आला. बडोद्याचे व इंदूरचे मराठीपण संस्थानी काळापासूनचे, कोलकात्याचे नोकरी-व्यवसायाचे, जयपूरचे थोडे याचे नि थोडे त्याचे. रीतिभाती निरनिराळ्या, बोलण्याची धाटणी निराळी. परंतु एक गोष्ट सर्वत्र सारखी आढळली. दूर गेलेल्या मराठी घराने सण जिवापाड जपला आहे. पाडव्याला श्रीखंड, होळीला पुरणपोळी, श्रावणात नारळीभात, गणपतीला मोदक, दिवाळीला फराळाचे डबे, संक्रांतीला गूळपोळी. नातवाला मराठी वाचता येत नसेल, पण चकलीचे काटे नीट उठले की नाही हे तो सांगू शकतो. या जपणुकीचे आम्हांस कौतुकच आहे. मुलूख सोडताना माणूस शेत, नदी, देवळातला पार बरोबर आणू शकत नाही. चवीचे गाठोडे मात्र आणता येते.

प्रश्न असा की, या गाठोड्यात आपण काय बांधून आणले? सणाचे ताट आणले. रोजचे ताट तेथेच राहिले. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पिठले, आळूचे फदफदे, मुळ्याचा चटका, काकडीची कोशिंबीर, वांग्याचे भरीत, मेतकूट-भात, ताकाची कढी हे पदार्थ कोणत्याही मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापले जात नाहीत. ‘महाराष्ट्रीय खाद्यपदार्थांचा मेळावा’ म्हटले की बटाटेवडा, साबुदाणावडा, पुरणपोळी आणि श्रीखंड-पुरी एवढेच स्टॉल लागतात. परिणाम असा की, येथे जन्मलेल्या मुलांच्या मनात मराठी जेवण म्हणजे तळलेले आणि गोड, असे समीकरण पक्के झाले आहे. आपल्या आजोळी वर्षातले तीनशेहून अधिक दिवस याच्या उलट जेवण होत असे, हे त्यांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही.

आता रिकाम्या झालेल्या रोजच्या ताटात कोण येऊन बसले ते पाहा. येथे रविवारी सकाळी कांद्याची कचोरी, तीजेला घेवर, संक्रांतीला फीणी, पाहुणा आला की दाल-बाटी-चूरमा. इंदुरात पोह्यांशेजारी जिलबी, कोलकात्यात मिष्टी दोई आणि संदेश. जेथे गेलो तेथील मेजवानीचे पदार्थ आपण आनंदाने स्वीकारले. त्या मुलखातला शेतकरी नि कष्टकरी रोज काय खातो, याची चौकशी आपण केली नाही. राजस्थानातील खेड्यात आजही राबडी होते. दुधाची रबडी नव्हे. बाजरीचे पीठ ताकात कालवून, आंबवून शिजवलेली राबडी. तीत तूप नाही, साखर नाही, आणि उन्हाळ्यात तिच्यासारखी थंडाई दुसरी नाही. हीच बाजरी आपल्याकडे देशावर आणि खानदेशात भाकरीच्या रूपाने खाल्ली जाते. दोन्ही मुलखांची रोजची ताटे एकमेकांची सख्खी बहिणी-बहिणी होती. परंतु आपल्या घरात ती दोन्ही आली नाहीत. आली ती दोन्हीकडची सणाची ताटे, आणि ती रोज मांडली जाऊ लागली. गोडाधोडावर आमचा राग नाही. सणाचा पदार्थ रोजचा झाला, एवढीच आमची तक्रार आहे.

या तक्रारीला आधार काय, असे कोणी विचारील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत, म्हणजे प्रौढांत शेकडा ११.४. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. शहरांत मधुमेहाचे प्रमाण खेड्यांहून बरेच अधिक आहे. आणि सर्व राज्यांत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, शेकडा २६.४. दर चार प्रौढांत एक! आकडे लांबचे वाटत असतील तर या सभागृहात डावी-उजवीकडे पाहावे. मंडळाच्या सहलीला बस निघाली की पहिल्या थांब्यावर किती जणांच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटे निघतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

मधुमेहाला केवळ साखर कारणीभूत असते असे नाही. अनुवंश, बैठे काम, वाढलेले पोट, अपुरी झोप अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. परंतु पोट वाढविण्यात तेल-तूप आणि साखर यांचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्या हाती आहे. आजोबा बदलता येत नाहीत, कढई बदलता येते.

‘आम्ही कुठे जाड आहोत?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक हकीकत सांगतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यासह, प्राध्यापक युडकिन यांच्यासह, २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटेसे टिपण छापले. टिपणाबरोबर दोघांचे शेजारी-शेजारी छायाचित्र होते. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज गृहस्थांची निघाली शेकडा ९.१ आणि आपल्या डॉक्टरसाहेबांची शेकडा २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा त्यांनी जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसले की, आपली बाळे वजनाने हलकी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी अधिक असते. अर्थ इतकाच की, शर्टाचा क्रमांक पाहून निश्चिंत राहण्याची सवलत आपल्या लोकांना निसर्गाने दिलेली नाही.

आता हिशेबाकडे वळू. एक ग्रॅम साखरेपासून चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलापासून किंवा तुपापासून नऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक सूत्रे सुधारून प्रसिद्ध केली, त्यांचा आशय असा की, साधारण २००० कॅलरींचा आहार असणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि दिसणारे तेल-तूप २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास. याउलट निती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात खाद्यतेलाचा दरडोई खप वर्षाला १९.७ किलो दिला आहे. भागाकार केला तर दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यात तूप-लोणी धरलेले नाही. आणि हे जे तेल आपण अधिक खातो, त्यातले निम्म्याहून जास्त परदेशातून विकत आणावे लागते. १९८६ साली सरकारने तेलबियांचे मोठे अभियान हाती घेतले, मोहरी-सोयाबीनचे उत्पादन वाढले, आपले राजस्थान तर मोहरीत अग्रेसर. परंतु खाणे उत्पादनापेक्षा वेगाने वाढले.

ग्रॅमचे आकडे व्याख्यानात शोभतात, स्वयंपाकघरात त्यांचा उपयोग नसतो. कोणतीही गृहिणी फोडणी देताना ग्रॅम मोजत नाही आणि मोजूही नये. म्हणून आम्ही हा हिशेब महिन्याचा केला आहे. घरात चार प्रौढ माणसे असतील तर २७ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला सव्वातीन किलोच्या जवळपास, म्हणजे साधारण साडेतीन लिटर तेल होते. यात तूप आले, लोणी आले, आणि बाहेर खाल्लेली कचोरीही आली. बाहेरच्यासाठी अर्धा लिटर बाजूला काढला तर घरात तेल-तूप मिळून तीन लिटर उरतात. साखरेचे तसेच. चौघांची महिन्याची मर्यादा तीन किलो. बिस्किटे, मुरंबा, सरबते, मिठाई यांतील साखर वजा केली तर डब्यातली साखर आणि गूळ मिळून दोन किलोंपेक्षा अधिक बसत नाही. आज घरी गेल्यावर मागच्या महिन्याची यादी काढून पाहावी. पाच लिटरचा तेलाचा डबा, वर किलोभर तूप आणि पाच किलो साखर, अशी नोंद आढळली तर रक्त तपासण्याच्या आधी यादी तपासून घेतल्यासारखे होईल.

यादी कोठे कापावी, हे पाहताना आम्हांला सर्वांत मोठी गळती चहात सापडली. चहाचा एक चमचा भरून साखर साधारण पाच ग्रॅम. दोन चमचे घातलेला चहा दिवसातून चार वेळा घेतला की ४० ग्रॅम झाले. पुरणपोळी नाही, श्रीखंड नाही, कोणताही सण नाही, आणि मर्यादा ओलांडून आपण दीडपटीच्या पुढे गेलो! कचेरीत हे विशेष घडते. अकरा वाजता चहा, तीन वाजता चहा, बैठक असेल तर बैठकीचा चहा, बैठक रद्द झाली तर ती रद्द झाल्याचा चहा. पुढे-पुढे साखर दर पंधरवड्याला अर्ध्या चमच्याने उतरवली तर जिभेला कळत नाही. एका महिन्यात निम्म्यावर येता येते. एकदम बंद केली तर मात्र चौथ्या दिवशी चिडचीड होते आणि आठव्या दिवशी पूर्वीचे दोन चमचे परत येतात.

दुसरी गळती पोळीवरच्या तुपाची. पोळीवर एक चमचा तूप म्हणजे पाच ग्रॅम. माणूस दिवसाला सहा पोळ्या खात असेल तर तीस ग्रॅम तेथेच संपले, भाजीची फोडणी व्हावयाची आहेच. घडीच्या पोळीला आत तेल लागते ते वेगळे. भाकरीला आतही लागत नाही आणि वरही लागत नाही. म्हणून आठवड्यातून चार वेळा रात्री भाकरी केली तर महिन्याला किती तेल-तूप वाचते, ते गणित आम्ही श्रोत्यांवर सोपवितो. ज्वारी येथे मिळते, बाजरी तर दाराशी आहे. भाकरी थापण्याची कला ज्यांना येते अशा भगिनी मंडळात आहेत, त्या आणखी काही वर्षे आहेत, आणि नंतर ती कोणाला विचारावी हा प्रश्न पडणार आहे.

वरण-भातावरच्या तुपाच्या धारेबद्दल आम्ही काही बोलणार नाही. ती धार चमच्याने मोजून पडावी, एवढीच विनंती.

न दिसणाऱ्या तेलाबद्दल मात्र बोलणे भाग आहे. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो, सुक्या खोबऱ्याचा त्याहून अधिक. आपल्या पाककलेत शेंगदाण्याचे कूट हे सढळ हाताचे काम. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी तुपात परतून, कूट घालून, वर बटाटा, आणि सोबत गोड दही. उपवास हा शब्द मूळचा काय होता आणि त्याचे आपण काय केले! शेंगदाणे वाईट नव्हेत, उलट फार पौष्टिक. परंतु कूट घातलेल्या भाजीला फोडणीचे तेल निम्मे पुरते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. करंज्या-शंकरपाळ्यांतील मोहनाचेही असेच. ते पिठात नाहीसे होते म्हणून पोटातही नाहीसे होते, असे नाही.

श्रीखंडाचा हिशेब सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण गेल्या पाडव्याला या विषयावर मंडळात चर्चा झाली होती. चक्क्याइतकीच किंवा त्याहून थोडी कमी साखर, हे बहुतेक घरांतील प्रमाण. म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत ४० ते ५० ग्रॅम साखर. दोन दिवसांची मर्यादा एका वाटीत. वर्षातून एकदा पाडव्याला ती वाटी खाण्यास आमची मनःपूर्वक अनुमती आहे. परंतु आता तयार श्रीखंड बारा महिने दुकानात मिळते आणि ते मुलांच्या डब्यात पोळीबरोबर जाते. तेथे आमची अनुमती नाही.

गुळाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. साखर वाईट, म्हणून गुळाचा चहा. गुळात लोह नि क्षार थोडे असतात हे खरे, परंतु त्याचा बहुतेक भाग साखरच असतो आणि शरीर त्याला साखरेसारखेच वागविते. मधाचेही तसेच. शीतपेयांत १०० मिलीलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीलिटरच्या बाटलीत दिवसभराच्या मर्यादेहून अधिक. फळ खावे, त्याचा रस काढून तंतू टाकून देऊ नयेत. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांवर भिस्त ठेवून वजन उतरविण्याच्या भानगडीत पडू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेला आहे. पाकिटातील पदार्थांवर बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते वजनाच्या उतरत्या क्रमाने. साखर किंवा ग्लुकोजचे द्रावण पहिल्या तिनांत असेल तर त्या पदार्थाला मिठाई समजावे, मग वेष्टनावर गव्हाच्या लोंब्यांचे चित्र असो की धावणाऱ्या मुलाचे.

‘मग कोणते तेल खावे?’ हा प्रश्न अशा व्याख्यानात हमखास येतो. शेंगदाण्याचे की मोहरीचे, लाकडी घाण्याचे की शुद्ध केलेले, गाईचे तूप की म्हशीचे? तेलातेलांत फरक आहे, परंतु नऊ कॅलरींचा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. लाकडी घाण्याचे महाग तेल आणले म्हणून कढई भरून तळण्याचा परवाना मिळत नाही. येथील मोहरीचे तेल सुरुवातीस आपल्या नाकास झोंबते, पण फोडणीला ते थोडे पुरते, हा त्याचा गुण आम्ही अनुभवाने सांगतो. फक्त एका बाबतीत कडक राहावे. १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्यापासून वनस्पती तुपाने आपल्या दोन पिढ्यांचे तळण सांभाळले. त्यातील कृत्रिम मेद रक्तवाहिन्यांना घातक ठरतो हे पुढे सिद्ध झाले, आणि १ जानेवारी २०२२ पासून देशात त्याच्यावर शेकडा दोनची मर्यादा घातली गेली. तेच तेल पुनःपुन्हा तापवून तळणे हेही तसेच घातक. घरी तळणीचे तेल उरले तर ते दोन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा कढईत ओतू नये. रस्त्यावरच्या कढईतील काळे तेल कोणत्या सालचे आहे, हे विचारण्याची आपली प्राज्ञा नाही. तेथून चार पावले पुढे जावे.

दोन सावधगिरीच्या सूचना. दोन वर्षांखालील बालकांच्या जेवणातले तूप कापू नये, त्यांच्या मेंदूच्या वाढीस ते लागते. आणि ज्यांना इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. नाहीतर औषध पूर्वीचेच आणि साखर कमी, असे होऊन भोवळ यावयाची.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही या व्यासपीठावर आलो, तो मुद्दा. आहाराची माहिती आज कमी नाही. पंतप्रधानांनी २०२५ च्या फेब्रुवारीत आकाशवाणीवरून तेल दहा टक्के कमी करण्याचे आवाहन केले. मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना साखरेचे फलक लावण्यास सांगितले. जूनमध्ये आरोग्य मंत्रालयाने सर्व खात्यांना तेल-साखरेच्या फलकांविषयी पत्र पाठविले, आणि जुलैत समोसा-जिलबीवर इशारा छापणार म्हणून वर्तमानपत्रांत असा गवगवा झाला की, तसे काही नाही हा खुलासा सरकारला करावा लागला. फलक उपयोगी आहेत. परंतु मराठी माणसाचे ताट फलकाने बदलत नाही, कारण त्या ताटावर वाढणाऱ्याचा हात असतो, आणि त्या हाताला आग्रह म्हणतात.

आग्रह हे आपल्या संस्कृतीचे भूषण समजले जाते. ‘एवढी अर्धी तरी’, ‘माझ्या हातची म्हणून’, ‘आज पथ्य नको हो’. ज्या काळात बहुसंख्य घरांत तूप सणालाच दिसे, साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळे, त्या काळात पाहुण्याच्या पानात दुसरी पोळी घालणे हा त्याग होता. तो काळ संपला. आता दुसरी पोळी घालण्यात वाढणाऱ्याचा काही त्याग होत नाही, तो खाणाऱ्याचा होतो. आमच्या माहितीतले एक वृद्ध सभासद आहेत. मंडळ उभे करण्यासाठी ज्यांनी घरोघर वर्गणी मागितली, अशांपैकी ते एक. पाच वर्षे झाली, ते मंडळाच्या जेवणावळीस येत नाहीत. आम्ही भीत-भीत कारण विचारले. ते म्हणाले, “पायाचे बोट गेले आहे. पानावर बसलो की ‘नको’ म्हणावे लागते, कारण सांगावे लागते, आणि सणाच्या दिवशी चारचौघांत बोटाची गोष्ट काढणे बरे दिसत नाही. त्यापेक्षा घरी वरण-भात बरा.” ज्यांनी हे मंडळ मराठी माणसांनी एकत्र बसावे म्हणून काढले, त्यांनाच आपल्या पंगतीने उठविले. हे ऐकल्यापासून आम्हांस या विषयात केवळ कॅलरी दिसत नाहीत.

म्हणून आमच्या काही सूचना कार्यकारी समितीपुढे लेखी दिलेल्या आहेत. त्यांचा येथे उच्चार करतो. गणेशोत्सवाच्या महाप्रसादात तळणीचा एकच पदार्थ आणि गोडाचा एकच असावा, दोन्हींची दुसरी फेरी नसावी. मोदक उकडीचे करावेत. आत गूळ-खोबरे आहेच, तेव्हा ते साखरविरहित आहेत असा दावा आम्ही करीत नाही, पण तळणीचे तेल तरी वाचते. मटकीची उसळ, कोशिंबीर आणि ताक यांच्या मात्र हव्या तितक्या फेऱ्या व्हाव्यात आणि सगळा आग्रह तेथे खर्च करावा. कोजागरीच्या मसाला दुधाची दोन पातेली असावीत, एक बिनसाखरेचे. आणि ते कोपऱ्यात ‘मधुमेहींसाठी’ अशी पाटी लावून न ठेवता मधोमध ठेवावे, म्हणजे कोणी कोणते घेतले याची चौकशी होणार नाही. साप्ताहिक बालवर्गात समोशाऐवजी भाजलेले चणे-कुरमुरे, थालीपीठ किंवा फळ. वाढप्यांना एकच नियम असावा: ‘नको’ या शब्दाचे कारण विचारू नये.

या बदलाचा भार भगिनींवर पडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पन्नास माणसांची पुरी तळणे सोपे, पन्नास माणसांची भाकरी थापणे कठीण. तेव्हा भाकरीच्या दिवशी पुरुषवर्गाने परात धरावी. आम्ही स्वतः थापलेल्या भाकरीचा आकार राजस्थानच्या नकाशासारखा होतो, पण तव्यावर ती फुगते.

शेवटची विनंती स्मरणिकेच्या वाचकांना. स्मरणिकेत पाककृतींची पाने असतात आणि त्यांत दर वेळी चिरोटे, अनारसे, बासुंदी यांचाच मान असतो. या खेपेस रोजच्या ताटातील पदार्थांची पाने स्वतंत्र ठेवण्याचे संपादकांनी मान्य केले आहे. ज्येष्ठ भगिनींकडून आम्ही यादी मागविली, आतापर्यंत अकरा पदार्थ आले आहेत: पिठले, झुणका, कुळथाचे माडगे, मुगाची उसळ, ताकातला पालक, लाल भोपळ्याचे भरीत, ज्वारीच्या कण्या, मोकळ भाजणी, गवारीची भाजी, मुळ्याचा चटका आणि आंबाडीची भाजी. यांपैकी आंबाडी येथील मंडईत आम्हांस अद्याप दिसलेली नाही. ती कोठे मिळते, किंवा तिच्या जागी येथली कोणती पालेभाजी चालेल, हे कोणास ठाऊक असल्यास त्यांनी सभा संपल्यावर आमची गाठ घ्यावी.